अंगणातील आवाज

शाळेच्या वार्षिकासाठी काही लिहावे असा आग्रह झाला, तेव्हा एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु गेल्या उन्हाळ्यात आमच्याच घरच्या अंगणात आमची जी फजिती झाली, ती सांगितल्यास तुम्हांस अधिक उपयोगी पडेल असे वाटून हा लेख लिहावयास घेतला आहे. पालकवर्गापैकी कोणास घराबाहेर गाणी किंवा बातम्या ऐकण्याकरिता जादा स्पीकर बसवावयाचे असतील, तर त्यांनीही तो अवश्य वाचावा.

आमचे घर लातुरास आहे. घर बेताचेच, पण अंगण लांब. ओसरीपासून पलीकडच्या कडुनिंबापर्यंत मोजून सोळा मीटर. त्या निंबाखाली आमच्या वडिलांची खाट असते. वडील ऐंशीच्या पुढे गेले आहेत. तेही शिक्षकच होते. दिनांक 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला, त्या वेळी आम्ही सातवीत होतो. लातूर शहर वाचले. परंतु औसा व उमरगा तालुक्यांतील खेड्यांत दगडमातीची, जड धाब्यांची घरे निजलेल्या माणसांवर कोसळली व सुमारे दहा हजार माणसे प्राणास मुकली. वडील त्याच दिवशी मदतीस गेले, ते आठ दिवसांनी परतले. तेथे काय पाहिले ते त्यांनी आम्हांस कधी सांगितले नाही. मात्र तेव्हापासून दिवेलागणीनंतर ते भिंतीजवळ बसत नाहीत. पावसाळा व कडाक्याची थंडी वगळली तर निजतातही अंगणातच. ओसरीवर येऊन बसावे असे त्यांस आम्ही पूर्वी म्हणत असू; आता म्हणत नाही.

हे सविस्तर सांगण्याचे कारण असे की, ओसरीवर भिंतीस दोन स्पीकर लावलेले आहेत आणि आकाशवाणीच्या सायंकाळच्या बातम्या ऐकणे हा वडिलांचा नित्यनेम आहे. पूर्वी त्यांस निंबाखालून सारे ऐकू येई. दोनतीन वर्षांपासून कान मंद झाले. आम्ही आवाज वाढवीत गेलो. एके दिवशी ते म्हणाले, “आवाज येतो रे, बोलणं येत नाही.”

या वाक्याचा अर्थ आम्हांस पुष्कळ उशिरा कळला. वार्धक्याने कान मंद होतो तो सर्वच स्वरांस सारखा मंद होत नाही. बारीक, उंच स्वर प्रथम जातात. बोलण्यात अ, आ, ओ यांचा भार मोठा असतो व तो खालच्या स्वरांत असतो. परंतु शब्द ओळखू येतो तो स, श, त, फ अशा व्यंजनांच्या बारीक सळसळीवरून. ती सळसळच गेली म्हणजे गडगडाट तेवढा उरतो. आवाज दुप्पट केल्याने गडगडाटही दुप्पट होतो.

आम्ही तर तो वाढवीतच होतो. आमच्या अंगणाच्या भिंतीपलीकडे एक कुटुंब राहते व त्यांची मुलगी वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेची तयारी करीत होती. लातूर पॅटर्नचे नाव तुम्ही ऐकलेच आहे. गावोगावची मुले येथे खोल्या घेऊन राहतात व पहाटेपासून रात्रीपर्यंत पुस्तकात डोके घालून बसतात. ही मुलगी तर येथलीच. तिच्या अभ्यासाची खिडकी आमच्या अंगणाच्या बाजूस आहे. एप्रिलचा महिना, लातूरचा उन्हाळा, संध्याकाळीदेखील वाऱ्याची झुळूक नाही. अशात बातम्या लागल्या की ती खिडकी बंद होऊ लागली. तक्रार मुळीच आली नाही. तिची आई वाटेत भेटली तरी हसून “सर, बाबा बरे आहेत ना?” एवढेच विचारी. तक्रार आली असती तर आम्ही कदाचित हुज्जत घातली असती. बंद खिडकीशी हुज्जत घालता येत नाही.

तेव्हा आम्ही ठरविले की निंबाकडे आणखी स्पीकर न्यावे. विचार योग्य होता. कृती मात्र अशी केली की सांगावयास संकोच वाटतो. बाजारातून आठ ओहमचे चार स्पीकर आणले, दाराच्या घंटीस वापरतात तशी बारीक तार आणली, आणि यंत्राच्या डाव्या-उजव्या तोंडांस जे एकेक स्पीकर जोडलेले होते, त्यांच्याच खिळ्यांत आणखी दोन-दोन जोडून टाकले. यंत्राच्या पाठीवर ‘4 ते 16 ओहम’ असे स्पष्ट छापलेले होते. ते आम्ही वाचलेही होते. पहिल्या संध्याकाळी आवाज उत्तम आला. वडील खाटेवर उठून बसले व हवामानाचा अंदाज त्यांनी आम्हांस परत म्हणून दाखविला. दुसऱ्या संध्याकाळी बातम्या अर्ध्यावर असता जळका वास सुटला व सर्व शांत झाले.

वायरमनने यंत्र उघडून पाहिले व म्हणाला, “सर, मशिनीवर लोड लई झाला.” आम्ही मान हलविली. त्याच आठवड्यात दहावीच्या वर्गात फळ्यावर आम्ही समांतर जोडणीचे उदाहरण सोडवून दिले होते! आठ ओहमचे तीन रोध समांतर जोडले म्हणजे एकूण रोध आठास तिनाने भागून येतो, म्हणजे 2.67 ओहम. यंत्रास निदान चार तरी हवे होते. रोध कमी झाला की विद्युत्प्रवाह वाढतो, यंत्राचे कळीचे भाग तापतात व जळतात. फळ्यावरचे गणित घरी आले म्हणजे ओळखू येत नाही, हा आमचा दोष, ओहमचा नव्हे. गेऑर्ग ओहम हा तर आमच्याच पंथाचा माणूस. तो जर्मनीत कोलोन येथील शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे. 1827 साली त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्याच देशात त्याचे फारसे स्वागत झाले नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यास कोप्ली पदक दिले ते 1841 साली. चौदा वर्षे ज्याने वाट पाहिली, त्याचा नियम आम्ही चार दिवसांत विसरलो.

वडील त्या रात्री एवढेच म्हणाले, “राहू दे. बातम्या काय, रोज त्याच.” ते ऐकून आम्हांस यंत्र जळाल्यापेक्षा अधिक वाईट वाटले. पुढे पंधरा दिवस ते बातम्यांच्या वेळी डोळे मिटून पडून राहत. खिडकी मात्र उघडी राही. घरात हा विषय कोणी काढीत नसे.

मध्यंतरी नांदेडास जाण्याचा योग आला. आमची बहीण तेथे असते. तिच्या मुलास मुंबईच्या गाडीत बसविण्यास आम्ही स्टेशनावर गेलो. गाडी उशिरा होती, म्हणून फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेऱ्या मारीत होतो. गाड्यांची घोषणा वरचेवर होत होती. चालता चालता ध्यानात आले की, आपण इतके चाललो तरी घोषणेचा आवाज वाढला नाही व घटलाही नाही. आणि फलाटावर पथारी टाकून निजलेली मुले त्या आवाजाने जागी होत नाहीत. वर पाहिले तो छपराखाली थोड्या थोड्या अंतरावर लहान लहान स्पीकर लावलेले. प्रत्येक स्पीकर आपल्याखालच्या चार माणसांशी बोलतो. फलाटाच्या टोकाशी बोलण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. भाचा म्हणाला, “मामा, गाडी आली, वर काय पाहताय?”

परत येताना लोहा, अहमदपूर, चाकूर मागे पडेपर्यंत आम्ही बसमध्ये हिशेब करीत होतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ध्वनीची तीव्रता चौथाई होते. एक मीटरवरून सोळा मीटरवर जाताना अंतर चार वेळा दुप्पट होते, म्हणून तीव्रता 256 वा हिस्सा उरते. याचाच अर्थ असा की, निंबाखाली वडिलांस जवळच्या माणसाच्या बोलण्याइतके ऐकू यावे म्हणून ओसरीवरून 256 पट शक्ती ओतावी लागणार, आणि वाटेत आलेल्या प्रत्येक भिंतीवर व खिडकीवर ती आदळणार. तोच स्पीकर खाटेपासून एका मीटरवर टांगला तर काम इतक्या थोडक्यात होते की भिंतीपलीकडे कुजबुजही जाऊ नये. शिवाय जवळून येणारा आवाज भिंतींवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीत मिसळत नाही, त्यामुळे ती बारीक सळसळही थोडीफार वाचते.

दुसरा प्रश्न जोडणीचा होता. आमच्या घंटीच्या तारेचा छेद अर्धा चौरस मिलिमीटर. जाऊन-येऊन चाळीस मीटर तांब्याच्या अशा तारेचा रोध सुमारे 1.4 ओहम भरतो. म्हणजे आठ ओहमच्या स्पीकरास जाणाऱ्या दाबाचा जवळजवळ सातवा हिस्सा तारच खाते. यावर दोन उपाय आहेत. दीड चौरस मिलिमीटरची जाड तार घ्यावी, म्हणजे रोध अर्ध्या ओहमच्याही खाली येतो. किंवा शाळेच्या मैदानावर प्रार्थनेच्या वेळी असते तशी शंभर व्होल्टची पद्धत घ्यावी. तीत यंत्र मोठ्या दाबाने व थोड्या प्रवाहाने वीज पाठविते आणि प्रत्येक स्पीकरापाशी एक लहानसा ट्रान्सफॉर्मर तो दाब उतरवून घेतो. वीजकेंद्रातून गावोगाव वीज नेताना हीच युक्ती असते. या पद्धतीत ओहमचा हिशेब करावा लागत नाही. वॅटची बेरीज करावयाची व ती यंत्राच्या शक्तीहून कमी ठेवावयाची. आम्ही हीच घेतली. चाळीस वॅटचे यंत्र, पाच-पाच वॅटचे तीन स्पीकर, बेरीज पंधरा. उरलेली जागा यंत्राच्या आयुष्याची. मात्र विद्यार्थिमित्रहो, शंभर व्होल्ट हा खेळ नव्हे. यंत्र चालू असता त्या तारांस हात लावू नये, तार नळीतून न्यावी व जोड पाणी शिरणार नाही असे बंद करावे. हे काम आम्ही या खेपेस वायरमनकडूनच करून घेतले.

एक स्पीकर ओसरीवर, एक मध्ये तुळईला, एक निंबाच्या फांदीखाली खाटेकडे तोंड करून. डावा-उजवा भेद काढून टाकला व सर्वांस एकच आवाज दिला. नाही तर उजव्या बाजूस बसणाऱ्यास गाण्याची अर्धीच बाजू ऐकू येते. ओसरीचा आवाज निंबापाशी पोचण्यास सेकंदाचा सुमारे विसावा भाग लागतो. एवढे अंतर कान सांभाळून घेतो. शंभर मीटरच्या मैदानावर मात्र तेच जवळजवळ एक तृतीयांश सेकंद होते व शब्दावर शब्द चढतो. मोठ्या सभांत वक्ता दोनदा बोलल्याचा भास होतो तो यामुळेच. स्पीकरांचे पडदे कागदी नसून प्लॅस्टिकचे घेतले, कारण लातूरचे ऊन आणि जूनची पहिली वावटळ यांपुढे कागद टिकत नाही.

कायद्याचेही पाहून घेतले. ध्वनिप्रदूषणाविषयी 2000 सालचे जे केंद्रीय नियम आहेत, त्यांत वस्तीच्या भागात दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि खासगी घरातील यंत्राचा आवाज आपल्या हद्दीवर त्या मर्यादेहून पाचापेक्षा अधिक वर जाता कामा नये असे म्हटले आहे. पहिल्या संध्याकाळी मोबाइलवरील मापक घेऊन आम्ही भिंतीपाशी उभे राहिलो. आकडा पन्नासाच्या आसपास होता व तो आमच्या बातम्यांचा नसून रस्त्यावरच्या रिक्षांचा होता. मोबाइलचे माप काही पक्के नव्हे. त्यापेक्षा खिडकी पाहिली. ती उघडी होती व आत दिवा होता.

वडिलांस सर्वच शब्द कळतात असे नाही. कान तो कानच. श्रवणयंत्र लावावे असे डॉक्टरांनीही सुचविले आहे व तो विषय आमच्या घरी अद्याप चालू आहे. परंतु बातम्या संपल्यावर ते आम्हांस हाक मारून काहीतरी विचारतात. कधी धरणात पाणी किती, कधी कोण वारले ते. 2016 साली मिरजेहून लातुरास रेल्वेने पाणी आणावे लागले होते, तेव्हापासून मांजरा धरणाची बातमी ते चुकवीत नाहीत.

मेच्या आरंभी मुलीची परीक्षा झाली. त्या संध्याकाळी तिची आई भिंतीवरून म्हणाली, “सर, आता काही अडचण नाही, मोठ्यानं लावा.” वडिलांनी ते ऐकले नाही, आम्ही त्यांस सांगितले. ते म्हणाले, “कशाला? इथं येतंय की.”

पावसाच्या तोंडी निंबाखालचा स्पीकर उतरवून ठेवावा म्हणून आम्ही एका संध्याकाळी शिडी लावली. वर चढणार तोच वडिलांनी खाटेवरून विचारले की, बातम्या झाल्या काय. झाल्या नव्हत्या. शिडी तशीच झाडास टेकून ठेवली आणि आम्ही खाटेच्या पायथ्याशी बसलो.