उमेदीवरची नोकरी

मागच्या महिन्यात आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. दहावीपर्यंत आमच्याकडे उर्दूतून शिकला, मग डिप्लोमा, मग इंजिनिअरिंग. वडील मालेगावातच दुसऱ्याच्या यंत्रमागावर कामाला. त्याने मोबाइलवर पुण्याच्या एका नव्या कंपनीचे पत्र दाखवले. स्टार्टअप. पगार चांगला, वर कंपनीचे शेअर्स. दुसरीकडे एका जुन्या कारखान्यात पगार कमी, पण नोकरी पक्की. म्हणाला, "सर, मॅडम, आप दोनों बोलो, क्या करूँ?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. हा प्रश्न आमच्या घरी एकदा येऊन गेला आहे.

आम्ही नवराबायको दोघेही बी.एड. 2011 साली एकाच विनाअनुदानित उर्दू शाळेत लागलो. एकाचा विषय विज्ञान, दुसरीचा गणित. अशा शाळांना पूर्वी 'कायम विनाअनुदानित' म्हणत. नोकरीला 'कायम' हा शब्द लागावा म्हणून माणूस झुरतो; इथे तो अनुदान नसण्याला लागला होता. शासनाने 2009 मध्ये तो शब्द काढला, 2016 मध्ये पात्र शाळांना 20 टक्के अनुदान द्यायचे ठरले. आमच्या शाळेचा नंबर कधी लागेल, याची वाट पाहत आम्ही दर महिन्याला सरासरी पाच-पाच हजारांवर शिकवत राहिलो. लोक विचारत, "परमनंट हो क्या?" आम्ही म्हणायचो, "होने वाले हैं."

2020 मध्ये करोनाने शाळा बंद झाल्या. मुलांसाठी आम्ही मोबाइलवर उर्दूतून गणिताचे धडे रेकॉर्ड करू लागलो. भिंतीला फळा, मोबाइलला आधार डाळीच्या डब्याचा. ते धडे फिरत फिरत पुण्याच्या एका नव्या कंपनीपर्यंत गेले. 2021 च्या अखेरीस तिचे पत्र आले. घरूनच काम, महिना 32 हजार आणि शेअर्सचा हक्क.

पत्र इंग्रजीत होते. दोन रात्री बसून वाचले, तेव्हा कळले की शेअर्स हातात मिळणार नव्हते. ते पुढे ठरल्या किमतीला विकत घेण्याचा हक्क मिळणार होता. चार वर्षांत तो पूर्ण होणार. पहिले वर्ष भरण्याआधी सोडले तर काही नाही. भरले तर चौथा हिस्सा. विकत घेतल्यावरही ते विकायचे कुठे? कंपनी बाजारात उतरेल किंवा कोणी मोठा तिला विकत घेईल, तेव्हा.

असे भाग्य कोणाला लाभतच नाही असे नाही. 2018 मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्टचा 77 टक्के हिस्सा 1600 कोटी डॉलरला घेतला, तेव्हा तिथल्या जुन्या नोकरदारांच्या हाती अशाच हक्कांतून मोठा पैसा आला. दुसरी बाजूही पुढे दिसली. बायजूज या शिकवणीच्या कंपनीची किंमत 2022 मध्ये 2200 कोटी डॉलर धरली गेली होती. जुलै 2024 मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. पण आम्ही पत्र वाचत होतो तेव्हा ही दुसरी गोष्ट घडायची होती.

आम्ही अब्बांना विचारले. अब्बांनी उधारीच्या सुतावर आठ माग बसवले, मंदीत विकले, पुन्हा चार बसवले. जोखीम त्यांना शिकवायला नको. त्यांनी एकच विचारले, "नौकरी है के भागीदारी? नौकरी है तो पगार टाइम पे आना. भागीदारी है तो हिसाब की बही दिखाना." मग मुजारबत समजावली. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा ठरल्या वाट्याने, तोटा भांडवलवाल्याचा, मेहनतवाल्याची फक्त मेहनत वाया. "तुम्हारे इसमें तो पगार भी डूब सकता है," ते म्हणाले.

आम्ही कंपनीला दोन गोष्टी विचारल्या. बँकेत किती महिन्यांचे पैसे आहेत? मालक तरुण होता, सरळ बोलला, "चौदा महिन्यांचे." दुसरे, आम्हाला इतके शेअर्स, पण एकूण किती? यावर तो हसला आणि विषय बदलला. गणिताच्या बाईंना हे खटकले. अंश दिला होता, छेद दिला नव्हता. छेद माहीत नसेल तर त्या अपूर्णांकाची किंमत काय सांगणार?

तरी आम्ही होकार दिला. ठरले असे, की नवऱ्याने शाळा धरायची, बायकोने कंपनी. घर एकाच खुंटीवर टांगायचे नाही.

नोकरी अठरा महिने चालली. 2023 मध्ये गुंतवणूकदारांनी हात आखडला, तेव्हा पहिल्यांदा उर्दू विभाग बंद झाला. उर्दूतून शिकणाऱ्या पोरांचे आईबाप पैसे भरून शिकवणी घेणारे नव्हेत, हे कंपनीला उशिरा कळले; आम्हाला आधीपासून माहीत होते. शेवटचा दीड महिन्याचा पगार आजवर आला नाही. शेअर्सचा चौथा हिस्सा पदरात होता, पण तो घ्यायला नव्वद दिवसांत 45 हजार भरायचे होते. आम्ही भरले नाहीत. हक्क संपला.

सगळ्यात लागली ती वेगळीच गोष्ट. रेकॉर्ड केलेले 140 धडे कंपनीच्या मालकीचे होते. अ‍ॅप बंद झाले, धडेही गेले. शाळेतली एक मुलगी विचारत राहिली, "मॅडम, वो त्रिकोण वाला सबक कहाँ गया?" पत्रात ते कलमही होते. आम्ही शेअर्सचे कलम चार वेळा वाचले, हे एकदाही नीट वाचले नाही.

एका रात्री आम्ही हिशेब मांडला. कंपनीने साडेसोळा महिन्यांचे दिले 5 लाख 28 हजार. शाळेने एका माणसाला दहा वर्षांत दिले सुमारे 6 लाख. भविष्यनिर्वाह निधीचे खाते आयुष्यात पहिल्यांदा कंपनीमुळे उघडले. वहीकडे पाहून आम्ही गप्प बसलो. स्टार्टअपला घाबरणारे आम्ही दहा वर्षे दुसरे काय करत होतो? थोडा पगार, पुढे मोठे मिळेल ही उमेद, तारीख कोणालाच माहीत नाही. फरक इतकाच, की तिथे चौदा महिने हा आकडा तरी कोणी सांगितला होता.

नवऱ्याच्या पदाला पुढे पहिले 20 टक्के मिळाले. बायको पुन्हा शिकवते, सकाळी शाळेत आणि संध्याकाळी घरी. नवे धडे स्वतःच्या नावावर ठेवते.

त्या मुलाला आम्ही हे सगळे सांगितले. 'जा' म्हणालो नाही, 'जाऊ नको'ही म्हणालो नाही. ज्याच्या घरी दुसरा पगार आहे त्याने पत्करलेली जोखीम आणि ज्याच्या एकट्यावर घर आहे त्याने पत्करलेली जोखीम एक नसते, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आम्ही एवढेच म्हटले, "पगारावर घर चालते का ते बघ, शेअर्स शून्य धर. किती महिन्यांचे पैसे आहेत ते विचार. केलेले काम कोणाचे राहील ते वाच. निधीचे पैसे दर महिन्याला जमा होतात का ते पासबुकात बघ. आणि छेद विचारल्याशिवाय सही करू नको."

परवा त्याचा फोन आला. "मॅडम, पूछा. छेद बता दिए." आवाजात आनंद होता. आकडा आम्ही विचारला नाही. भागाकार त्याला येतो. आम्हीच शिकवला आहे.