ट्यूबची पट्टी

जी कुंडलिका कोर्लईच्या किल्ल्याजवळ समुद्राला मिळते, तीच वर रोह्याच्या वस्तीला बिलगून वाहते. आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहोत ते या नदीच्या मुखाशी जन्मले आणि तिच्या वरच्या अंगाला, रोह्यात, प्रभुवासी झाले. मधली पंधरा वर्षे तेवढी ते तिच्यापासून दूर, फौजेत होते. त्यांचे नाव छापू नये अशी घरच्यांची इच्छा आहे. बाजारात त्यांना फौजीकाका म्हणत. आम्हीही तेच म्हणू.

1999 साली आमचा मुक्काम पेणला होता आणि रोह्याच्या मोजक्या कुटुंबांची जबाबदारी आमच्याकडे होती. धाटावच्या कारखान्यांत नोकरीसाठी आलेली मंगळूर, केरळ, वसईकडची माणसे आणि कोर्लईची दोन-चार घरे, एवढाच कळप. शनिवारी एसटीने वडखळ, नागोठणे, भिसे खिंड असे करीत जावे, रात्र तिथेच काढावी आणि रविवारी मिस्सा करून परतावे, असा क्रम होता. आडवाड्यांवर जाण्यासाठी एक जुनी सायकल रोह्यास ठेवली होती. ती चालण्यापेक्षा बसण्यातच अधिक रमे. त्यामुळे आमची फौजीकाकांशी ओळख प्रार्थनेत होण्याआधी दुकानात झाली.

दुकान म्हणजे काय, तर आठ फुटांची पत्र्याची टपरी. पंक्चर काढायची पाण्याची घमेली, छताला टांगलेले टायर, एक लाकडी पेटी. चीनच्या युद्धानंतर जी भरती झाली तीत, 1963 साली, ते फौजेत गेले. गाड्या चालवणे आणि दुरुस्त करणे हे तिथले काम. 1978 साली निवृत्तिवेतन घेऊन परतले आणि रोह्यात टपरी टाकली. कोर्लईस का गेले नाहीत, असे आम्ही विचारले होते. म्हणाले, "फादर, तिथे होड्या. मला चाकांचे कळते." धाटावला तीन पाळ्यांत कारखाने चालत आणि कामगार सायकलीने जात-येत. पहाटेच्या पाळीवाल्याची सायकल रात्री पंक्चर झाली तर ती रात्रीच दुरुस्त व्हायला हवी, नाहीतर त्याचा खाडा. म्हणून टपरीत कंदील बराच वेळ जळे. 1986 मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत आली, पुढे मोटारसायकली आल्या, कामगारांच्या सायकली घटल्या. टपरी मात्र होती तेवढीच राहिली. वाढवण्याचा त्यांना हुरूप नव्हता, आणि खरे सांगायचे तर व्यवहाराची हुशारीही नव्हती. उधारीची वही जाडजूड, गल्ला हलका.

रात्री दुकान आवरताना प्रत्येक पाना ते फडक्याने पुसून पेटीत आपापल्या जागी ठेवत. मठातली अवजारे वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत, असे संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीत भांडारप्रमुखाला सांगितले आहे. सेमिनरीत आम्ही ते पाठ केले होते, पाहिले रोह्यात.

दरवर्षी 16 डिसेंबरला ते एक मिस्सा लावत. पाकिटावर हेतू लिहिलेला असे: "एक माणूस. नाव ठाऊक नाही." 16 डिसेंबर 1971 म्हणजे ढाक्याच्या शरणागतीचा दिवस, हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही आपल्याच अकलेने मिस्सेच्या आरंभी वाचीत असू: "बांगलादेशच्या युद्धात पडलेल्या एका साथीदारासाठी." दोन-तीन वर्षे आम्ही तसे वाचले. फौजीकाका शेवटच्या बाकावर शांत बसलेले असत. पुढे एका शनिवारी, आमच्या सायकलचे मागचे चाक सोडवता सोडवता, मान वर न करता ते म्हणाले, "तो पडला नव्हता, फादर. आणि साथीदार पण नव्हता."

ती हकिगत अशी. शरणागतीनंतर सुमारे 93 हजार युद्धकैदी भारतात आणायचे होते. फौजीकाका त्या कामावरच्या ट्रकवर होते. वाटेत रेडिएटरची नळी फुटली. ताफा पुढे निघून गेला. सुटी नळी जवळ नव्हती. पहारेकऱ्यांचा जीव खालीवर होऊ लागला. कैद्यांतला एक उतरण्याची परवानगी मागू लागला. तोही तिकडच्या फौजेत गाड्यांवरचाच माणूस. त्याने जुनी ट्यूब मागितली, तिची बोटभर रुंद लांब पट्टी कापून घेतली आणि ती पूर्ण ताणून, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवीत, नळीवर गुंडाळली. शेवटचे टोक आधीच्या फेऱ्याखाली ओढून बसवले. गाठ नाही, तार नाही. पाणी थांबले. "ढीली बांधोगे तो पानी जीतेगा," एवढेच तो बोलला आणि पुन्हा ट्रकमध्ये जाऊन बसला. मुक्कामावर पोहोचल्यावर गर्दीत नाव विचारायचे राहिले.

"तीस वर्षे मी त्याच पट्टीवर भाकरी खातो आहे," फौजीकाका म्हणाले. ते खरेच होते. हापसे, नळ, मोटारीच्या नळ्या, कोणाची फुटलेली काठी, सारे ते त्या पट्टीने आवळून देत. आमच्या पेणला गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. हमरापूर, जोहे या गावांत तर घरोघरी मूर्ती घडतात. साच्याचे भाग ओतकामाच्या वेळी घट्ट धरून ठेवण्यासाठी तिथल्या एका कारागिराला अशा पट्ट्या लागत. रविवारी परतताना त्यांची एक जुडी आमच्या पिशवीत असे. पाद्रीबाबा गणपतीच्या कारखान्यात पट्ट्या पोहोचवतो, याची पेणच्या स्टँडवर थोडी थट्टा झाली, आम्हीही हसलो.

जुलै 2011 मध्ये फौजीकाका गेले. तोवर आमची बदली झाली होती, पण अंत्यविधीसाठी घरच्यांनी आम्हालाच बोलावले. धो धो पाऊस होता, तरी मंदिर भरले. निम्मे लोक अन्य धर्मांचे, ओल्या रेनकोटांतले कामगार. आम्ही प्रवचन तयार करून नेले होते. योगायोगाने दिवसही जवळचे होते: 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, आपल्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांना वीरमरण आले. वय अवघे बावीस. तुकडीतले सगळे पडले वा जखमी झाले, तेव्हा हा मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवान एकटा शत्रूच्या मशीनगनवर धावून गेला आणि ती बंद पाडून मग पडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह मिळाला नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव आहे, संत बेनेडिक्टच्या त्याच डोंगराच्या पायथ्याशी. आम्ही हे सारे सांगितले, रायगडच्या मातीविषयी बोललो, त्याग, शत्रू, विजय हे शब्द वापरले आणि फौजीकाकांना त्या मालिकेत बसवले. लोकांचे डोळे पाणावले. आम्हाला समाधान वाटले, हे कबूल केले पाहिजे.

सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर त्यांच्या पत्नीने आम्हाला घरी नेले. चहा दिला. मग म्हणाल्या, "फादर, त्या दिवसाचं प्रवचन चांगलं होतं. पण तो माणूस आमच्या घरात कधी राहत नव्हता." आम्ही गप्प राहिलो. "फौजेत पंधरा वर्षं होते. दुकानात तेहतीस. तेहतिसाचं तुम्ही काहीच बोलला नाहीत. आणि त्या पट्टीवाल्याचं तर तुम्हाला ठाऊक होतं."

ठाऊक होते. विसरलोही नव्हतो. प्रवचन लिहिताना ती हकिगत कागदावर उतरली होती आणि आम्ही ती खोडली होती. कारण तीत शत्रूनेच उपकार केला होता, आणि शवपेटीसमोर ते शोभणार नाही असे आम्हाला वाटले. घाडग्यांच्या पराक्रमाला त्याने काही उणेपणा आला नसता. आम्हाला एक साधी गोष्ट सांगायची होती आणि आम्ही दुसऱ्याची मोठी गोष्ट उसनी घेतली. इतक्या वर्षांनी हे छापून देण्याचे कारण एवढेच, की त्या दिवशी मंदिरात जे होते त्यांतले काही हे त्रैमासिक वाचतात.

निघताना आम्हाला उधारीच्या वहीची आठवण झाली. बाईंनी ती काढली. पुष्कळ पानांवर नुसत्या खुणा होत्या: "हिरवी हर्क्युलस", "रात्रपाळी उंच". आमचेही एक पान निघाले. बदलीच्या आधीच्या महिन्यातले: दोन पंक्चर वीस रुपये, एक ट्यूब पासष्ट. आम्ही शंभराची नोट पुढे केली. बाई नको म्हणतील असे वाटले होते. त्यांनी नोट घेतली, पानावर रेघ मारली, डब्यातून पंधरा रुपये मोजून आमच्या हातावर ठेवले. मग आत जाऊन एक पाकीट घेऊन आल्या.

"डिसेंबरची मिस्सा तेवढी लावा."

"हेतू काय वाचू?" आम्ही विचारले.

"ते लिहायचे तेच. त्यात तुमचं काही घालू नका."