डाळ शिजवणारं पाणी

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात एका गावी मी सोळा वर्षं शिकवलं. सुरुवातीला मी मुलांचे दात तपासायचो. पिवळे-तपकिरी पट्टे दिसले की सगळ्या वर्गासमोर विचारायचो, खर्रा खातोस का? सातवीतल्या एका मुलीला तर मीठ-राखुंडी देऊन हापशीवर दात घासायला लावलं. “घासतो ना जी सर, रोज घासतो,” ती म्हणाली. मी ऐकलं नाही.

ती हापशी माझ्याच पाठपुराव्यानं बसली होती. जुनी विहीर मला नकोशी वाटायची. पावसाळ्यात पाणी गढूळ, काठाशी गुरं. बोअरचं पाणी नितळ, गोड. तुरीची डाळ त्यात भराभर शिजायची. याहून वेगळी परीक्षा कशाला हवी, असं मी ग्रामसभेत ठासून बोललो होतो.

मग एकदा जलसुरक्षक तपासणीचा संच घेऊन शाळेत आला. दोन नळ्यांत दोन्हीकडचं पाणी, वर रसायनाचे थेंब. विहिरीचं पाणी गुलाबी राहिलं, बोअरचं पिवळं पडत गेलं. फ्लोराईड लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यावं, असं भारतीय मानक सांगतं. आमच्या बोअरचा पिवळा रंग 1.5 च्या पुढे होता. प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला.

खोल खडकात दीर्घकाळ राहिलेलं पाणी खडकातलं फ्लोराईड विरघळवत राहतं. कॅल्शियम भरपूर असेल तर ते फ्लोराईडला धरून खाली बसवतं. कॅल्शियम कमी असलं की पाणी मऊ होतं, डाळ लवकर शिजते, आणि फ्लोराईडला अडवणारं काही उरत नाही. ज्या गुणावर मी भाळलो होतो, त्याच्याच आडून ते पोरांच्या पोटात जात होतं. उकळून उपयोग नाही, वाफ जाते आणि उरलेलं पाणी अधिकच दाट होतं. टीसीएल पावडरनं जंतू मरतात, फ्लोराईड तसंच राहतं.

विहिरीच्या पाण्याची जंतू तपासायची बाटलीही काळी पडली होती, पण त्यावर गावात इलाज होता. गाळ काढला, कठडा बांधला, टीसीएल नेमानं पडू लागली. बोअर धुण्याभांड्यांपुरती ठेवली. तसं करा, हे सांगायला त्याच ग्रामसभेत मलाच उभं राहावं लागलं.

हिरडीखाली दात घडत असताना फ्लोराईडनं पडलेले हे डाग घासून जात नाहीत. त्या मुलीच्या घरी मी उशिराच गेलो. तिच्या कडेवर वर्षाचं पोर होतं. मी माफी मागितली. तिनं एवढंच विचारलं, “याले कोणतं पाणी देऊ जी?” विहिरीचं, म्हणालो. बोलताना तिनं पदर ओठांवर धरला होता. ही सवय तिला कोणत्या दिवशी लागली, ते मला ठाऊक आहे.