न झालेल्या लढतींचा हिशेब

प्रिय मित्रवर्यांस,



जॅक डेम्प्सी आणि हॅरी विल्स यांची लढत झाली असती तर कोण जिंकले असते, हा आपल्या पत्रातील प्रश्न मुष्टियुद्धाच्या चाहत्यांमध्ये सुमारे शंभर वर्षे चर्चिला जात आहे. परंतु ती लढत का झाली नाही, हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा. कारण त्याचे उत्तर कल्पनेवर सोडावे लागत नाही, ते करार, परवाने आणि पैशांचे व्यवहार यांत बऱ्याच अंशी नोंदलेले आहे.

डेम्प्सीने ४ जुलै १९१९ रोजी ओहायो राज्यातील टोलेडो येथे जेस विलर्डला नमवून हेवीवेट, म्हणजे सर्वांत वरच्या वजनगटाचे, जगज्जेतेपद मिळवले आणि २३ सप्टेंबर १९२६ पर्यंत ते त्याच्याकडे राहिले. या सात वर्षांपैकी बहुतेक काळ न्यू ऑर्लीन्सचा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा हॅरी विल्स हाच त्याचा प्रमुख आव्हानवीर मानला जात होता. विजेतेपद मिळताच डेम्प्सी कृष्णवर्णीयांची आव्हाने स्वीकारणार नाही, असे वृत्तपत्रांत छापून आले होते; गोऱ्या विजेत्याने आपल्या पदाचा मार्ग काळ्या प्रतिस्पर्ध्याला अशा रीतीने बंद करण्याला अमेरिकेत ‘वर्णरेषा ओढणे’ म्हणत, आणि त्यात नियमभंग होतो असे तेव्हा कोणी मानत नसे.

या रेषेमागे १९१० सालची भीती होती. जॅक जॉन्सन या पहिल्या कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेत्याने त्या वर्षी ४ जुलैला नेवाडातील रीनो येथे जिम जेफ्रिजला पराभूत केल्यावर अमेरिकेतील अनेक शहरांत वांशिक दंगली उसळल्या, माणसे मारली गेली, आणि १९१२ मध्ये मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास बंदी करणारा संघराज्याचा कायदाही झाला. रीनोच्या त्या लढतीचा प्रवर्तक, म्हणजे भांडवल उभे करून लढत भरवणारा, टेक्स रिकार्ड हा होता आणि पंचही तोच होता. पुढे डेम्प्सीच्या मोठ्या लढती भरवणाराही तोच, आणि मिश्र वर्णाची आणखी एक लढत भरवली तर राज्यकर्ते आपला धंदा मोडतील, ही धास्ती त्याच्या मनातून गेलेली नव्हती.

तथापि डेम्प्सी घाबरला, एवढ्या वाक्यात हे प्रकरण मिटवणे योग्य ठरत नाही. १९२२ मध्ये डेम्प्सी आणि विल्स यांनी लढतीच्या करारनाम्यावर सह्या केल्या, पण त्यात तारीख नव्हती आणि प्रवर्तकही ठरलेला नव्हता. सप्टेंबर १९२५ मध्ये मिशिगन राज्यात फ्लॉइड फिट्झसिमन्स या प्रवर्तकाबरोबर पुन्हा करार झाला; विल्सच्या हाती ५०,००० डॉलर आले, परंतु डेम्प्सीला द्यावयाची मोठी आगाऊ रक्कम प्रवर्तकाला उभी करता आली नाही आणि लढत बारगळली. दुसरीकडे, न्यू यॉर्क राज्यात मुष्टियुद्धाचे नियमन करणारा आयोग विल्सचा हक्क मान्य करून बसला होता. त्याच्याशी लढल्याखेरीज डेम्प्सीला तेथे पाऊल टाकता येईना, म्हणून १९२६ सालची जीन टनीबरोबरची लढत फिलाडेल्फियाला न्यावी लागली; तेथे लाखाहून अधिक प्रेक्षक जमले, डेम्प्सी हरला आणि विल्सची संधी कायमची संपली. आयोगाने आपले कर्तव्य बजावले खरे, पण राज्याची सीमा ओलांडताच ते निष्फळ ठरावे, इतकी त्या खेळाची व्यवस्था विस्कळीत होती.

करारांच्या या व्यवहारात विल्सला कोणी स्पष्ट नकार दिल्याचे दिसत नाही, आणि अन्यायाचे खरे स्वरूप येथेच कळते. विजेता सही करतो, प्रवर्तक राजकारण्यांकडे बोट दाखवतो, राजकारणी सार्वजनिक शांततेचे कारण सांगतात, पैसा वेळेवर येत नाही, आणि मधल्या काळात तिशी ओलांडलेल्या आव्हानवीराचे उमेदीचे दिवस संपतात. जबाबदारी इतक्या हातांत वाटली गेली की कोणाही एकाला दोषी धरता येऊ नये. नुकसान मात्र एकाच माणसाचे झाले.

वर्णरेषेची झळ केवळ गोऱ्या विजेत्यांकडूनच बसली असेही नाही. बोस्टनचा सॅम लँगफर्ड हा त्या काळातील सर्वांत कुशल मुष्टियोद्ध्यांपैकी एक. १९०६ मध्ये तो जॉन्सनकडून हरला होता, परंतु जॉन्सन जगज्जेता झाल्यावर लँगफर्डला पुन्हा संधी मिळाली नाही. जॉन्सनने आपल्या कारकिर्दीत पदासाठी केवळ एका कृष्णवर्णीयाशी, बॅटलिंग जिम जॉन्सनशी, १९१३ मध्ये पॅरिसला लढत केली. गोऱ्या आव्हानवीरावर तिकिटे अधिक खपत आणि धोका कमी असे, हा हिशेब त्यालाही सुटला नाही. जॉन्सनचे पद गेल्यापासून १९३७ मध्ये जो लुइस जगज्जेता होईपर्यंत बावीस वर्षे गेली आणि त्या काळात एकाही कृष्णवर्णीयाला हेवीवेट पदासाठी लढता आले नाही. लँगफर्ड आणि विल्स यांनी मग काय केले? ते एकमेकांशीच पुनःपुन्हा लढत राहिले, कारण त्यांच्या तोडीचे आणि त्यांना होकार देणारे दुसरे फारसे कोणी नव्हते.

क्यूबाचा तेओफिलो स्टीव्हनसन आणि मुहम्मद अली यांची न झालेली लढत याहून निराळी आहे. स्टीव्हनसनने १९७२, १९७६ आणि १९८० अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकली, पण क्यूबाने १९६० च्या दशकाच्या आरंभीच व्यावसायिक, म्हणजे पैशासाठी खेळला जाणारा, खेळ बंद केला होता आणि परदेशी प्रवर्तकांनी देऊ केलेल्या मोठ्या रकमा स्टीव्हनसनने स्वतःहून नाकारल्या. शिवाय त्या काळी हौशी लढत तीन फेऱ्यांची आणि जगज्जेतेपदाची पंधरा फेऱ्यांची असे. तेव्हा लढायचे कोणत्या नियमांनी, हेही कोडेच होते. येथे खंत वाटते ती प्रेक्षकाला. विल्सच्या बाबतीत खंत पुरेशी नाही. तेथे एका माणसाचे देणे बुडवले गेले.

कल्पनेने निकाल लावण्याचे प्रयत्नही झाले आहेत. मरे वोरोनर याने संगणकाच्या साहाय्याने जुन्या-नव्या विजेत्यांच्या लढती जुळवल्या आणि १९६९ मध्ये पदच्युत अली व निवृत्त रॉकी मार्सियानो यांच्याकडून लुटुपुटूची लढत चित्रित करवून घेतली. १९७० मध्ये ती चित्रपटगृहांत दाखवली गेली तेव्हा अमेरिकी प्रेक्षकांनी मार्सियानोचा विजय पाहिला, तर युरोपात अली जिंकल्याचा शेवट दाखवण्यात आला. कल्पित निकालांवर किती भिस्त ठेवावी, हे यावरून आपणच ठरवावे.

आपण पत्रात मांडलेला तर्क असा की, ऑक्टोबर १९२६ मध्ये जॅक शार्कीने विल्सवर मात केली आणि जुलै १९२७ मध्ये डेम्प्सीने शार्कीला बाद केले, त्या अर्थी डेम्प्सीने विल्सलाही हरवलेच असते. हा तर्क दोन कारणांनी टिकत नाही. मुष्टियुद्धात एकाची शैली दुसऱ्याला जड जाते आणि तिसऱ्याला जात नाही, म्हणून विजयांची अशी साखळी जोडता येत नाही. आणि त्याहून मोठे कारण म्हणजे शार्कीसमोर उभा राहिलेला विल्स हा वर्षानुवर्षे ताटकळत ठेवलेला, उतरणीला लागलेला योद्धा होता, शिवाय तो हरला तोही अवैध ठोशांमुळे अपात्र ठरून. त्याच्या हक्काची लढत १९२० ते १९२४ या काळातली होती. ज्या विलंबाने त्याला थकवले, त्याच विलंबानंतरच्या पराभवांचा पुरावा त्याच्याविरुद्ध मांडणे म्हणजे त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय.



आपला स्नेहांकित