सुख कुणाच्या वाट्याचं?

कोल्हापूरहून बेंगळुरूच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर कागल लागतं. तालुक्याचं ठिकाण, शेजारी पंचतारांकित एमआयडीसी, साखर कारखाना, महामार्गावरची अखंड रहदारी. आणि रस्ता सोडून चार पावलं आत गेलं की दूधगंगेच्या पाण्यावर वाढलेला ऊसच ऊस. माझं माहेर इथल्या शिवारात, संसार पुण्यात. त्यामुळं शहर बरं की गाव, हा प्रश्न मला दोन्हीकडची माणसं विचारत आली आहेत. यंदा ऐन गळीत हंगामात वहिनींच्या हाताचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं काम मी अंगावर घेतलं, तेव्हापासून या प्रश्नाकडं मी वेगळ्या नजरेनं बघते.

गावाची सुखं मनापासून खरी आहेत. गुऱ्हाळावर काहिलीतून नुकताच उतरवलेला ऊन गूळ, चुलीवरची भाकरी आणि खर्डा, गैबी पिराच्या उरसात हिंदू-मुसलमान सगळ्या गल्लीची एक झालेली लगबग. घरात आजारी माणूस आहे म्हटल्यावर न सांगता शेजारणींकडून येणारे डबे. पुण्यात कितीही पैसे मोजले तरी हे मिळत नाही.

पण या सुखाच्या आत शिरल्यावर पहिली भेट झाली ती म्हशीची. पहाटे उठून शेण काढायचं, वैरण टाकायची, धार काढायची आणि डेअरी बंद व्हायच्या आत किटली पोचवायची. म्हैस परक्या हाताला पान्हा सोडेना. शेवटी गळ्यात हात बांधलेल्या वहिनी गोठ्यात येऊन तिच्याजवळ उभ्या राहिल्या. “गंगे, सोड की गं. आपलीच हाय ती.” मग कुठं चरवीत धार वाजली. संध्याकाळी पुन्हा तेच. लग्न असो, सण असो, ताप असो, या दोन वेळा चुकत नाहीत. १९६३ साली जिल्हा दूध संघ, म्हणजे आमचं गोकुळ, उभा राहिला आणि दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलानं घराघरात नेमानं पैसा येऊ लागला. उसाचं बिल लांबलं तरी घरखर्च चालतो तो या पैशावर. त्यामागं बहुतेक घरांत बाईची पहाट आणि बाईची संध्याकाळ असते.

भावाचीही सुटका नाही. शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की थंडीत बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जायचं आणि अंधारात पाणी पाजायचं. सरीतून खळाळणारं पाणी ऐकायला गोड लागतं, पण झोपमोड करून दारं मोडणाऱ्याला त्यातला गोडवा कसा जाणवावा?

एका संध्याकाळी धारा उरकून बसलो असताना वहिनींनी पुण्याची आठवण काढली. मागं त्या आमच्याकडं राहून गेल्या होत्या. मला वाटलं, मेट्रोचं बोलतील, सारसबागेचं बोलतील. त्या म्हणाल्या, “वन्सं, तितं मला काय आवडलं सांगू? सकाळी उठलो तर कोण माझी वाट बघत न्हवतं. बागेत एकटीच बसलो, कुणी इचारलं न्हाई, हितं का बसलीया म्हणून.”

शहरानं मला दिलेलं सगळ्यात मोठं सुख नेमकं हेच. काम संपल्यावर वाचनालयात जाते, रात्री नाटक बघून एकटी घरी येते, रविवारी उशिरा उठते. माझ्या वेळेवर माझी मालकी आहे.

कागलच्या मातीत हे आधीच लिहून ठेवलेलं आहे. १९३५ साली इथंच जन्मलेल्या आनंद यादवांनी ‘झोंबी’त शेतातलं राबणं आणि शिकण्यासाठी घरातच द्यावी लागलेली झुंज मांडली. १९९० साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गावावर अपार माया असलेला हा लेखक पुढं पुण्यात प्राध्यापक झाला, आणि लिहीत राहिला ते गावाबद्दलच. मायेइतकीच त्याला मोकळ्या वेळेचीही गरज होती.

म्हणून मला वाटतं, गावाचं सुख वाढवायचं तर तिथल्या माणसांचा वेळ सोडवायला हवा. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आहे. ती प्रत्येक शिवारात पोचली पाहिजे. संध्याकाळची धार घरातल्या पुरुषानं काढली पाहिजे. आमच्या घरी भाऊ ती आता काढतो, वहिनींचा हात बरा झाल्यावरही. आणि त्या मोकळ्या वेळात बाईला निवांत बसता येईल असं वाचनालय, अशी बाग तालुक्याच्या गावात असली पाहिजे. शहर बरं की गाव, याचं उत्तर मग वहिनींनी द्यावं. नुसत्या माझ्या उत्तराला तोवर अर्धीच किंमत आहे.