लडाखला जावें कोणत्या वाटेनें?

हिमालयाच्या पाठीमागें, पर्जन्यमेघांना जेथें प्रवेश जवळजवळ निषिद्धच, असा लडाखचा प्रदेश आहे. मोसमी वारे आपलें पाणी दक्षिणेकडील उतारांवर सांडून रिते होतात. त्यामुळें लेह येथें वर्षाकाठीं अवघा चार इंचांच्या आसपास पाऊस. मरुभूमि आणि हिमशिखरें एकाच दृष्टिक्षेपांत पाहावींत, आणि तींहि स्वतःची मोटार स्वतः हांकीत जाऊन, अशी हौस हल्लीं पुष्कळ कुटुंबांना असते. हौस स्तुत्य आहे. परंतु प्रवासाचा आराखडा करतांना बहुतेक जण नकाशावर अंतर मोजतात. तेथें मोजावयाची ती उंची.

लेहला जाण्याचे मुख्य रस्ते दोन. एक श्रीनगरहून, सुमारें ४२० किलोमीटरांचा. दुसरा मनालीहून, त्याहून थोडा लांब. तरुण मंडळींचा ओढा मनालीकडे असतो. दिल्लीकडून ती जवळ, आणि २०२० सालीं रोहतांगखालचा नऊ किलोमीटरांचा बोगदा खुला झाल्यापासून वाटहि सोपी झाली आहे. आमच्या घरींहि हाच वाद पडला. बरोबर येणारांत साठी उलटलेलीं दोन माणसें, त्यांतलें एक रक्तदाबाचें. शेवटीं सूनबाईंनीं वही घेऊन दोन्ही वाटांवरील मुक्कामांची उंची लिहून काढली आणि वाद तेथेंच मिटला.

मनाली ६,७०० फूट, दुसरी रात्र केलाँगला १०,१०० फूट, तिसरी सर्चूला १४,००० फूट. म्हणजे एका दिवसांत अंथरूण चार हजार फूट वर गेलें! दहा हजार फुटांच्या पुढें मुक्काम रोज पंधराशे फुटांहून अधिक चढवूं नये, असा वैद्यकांचा दंडक आहे. उलट श्रीनगर ५,२०० फूट, सोनमर्ग सुमारें ९,०००, कारगिल ८,८००, मग लेह ११,५००. वाटेंत झोजी-ला आणि साडेतेरा हजार फुटांची फोतू-ला या खिंडी लागतात खऱ्या. पण त्या दिवसां ओलांडून रात्रीं आपण खालीं उतरलेले असतों. शरीराला जणूं संथा मिळते, एकेक चरण पाठ करावा तशी.

तेव्हां जावें श्रीनगरनें आणि परतावें मनालीनें. वाट वाकडी होते, हा आक्षेप खरा आहे. पण मेघदूतांतील यक्षानेंहि मेघाला उज्जयिनीची वाकडी वाट सुचविलीच ना? शिवाय विसावा कोठें आणि पाणी कोठें, हेंहि त्यानें सांगून ठेवलें. आपल्या मेघाचें पाणी म्हणजे पेट्रोल. परततांना लेहला टाकी कांठोकांठ भरावी. तांदीपर्यंत सुमारें साडेतीनशे किलोमीटर पंपाचा भरंवसा धरूं नये.

काळ सप्टेंबरचा उत्तम. जुलै-ऑगस्टमध्यें कुलूच्या बाजूला दरडी कोसळतात, आणि २०१० च्या ऑगस्टमध्यें खुद्द लेहवर ढगफुटी होऊन मोठी प्राणहानि झाली होती. हिवाळ्यांत मनालीची वाट बर्फाखालीं जाते.

लेहला पहिले दोन दिवस कांहींएक पाहूं नये, पडून राहावें. (हें तरुणांना सर्वांत जड जातें.) डोकें दुखून वांति होऊं लागली, तर पुढें चढूं नये, बसल्या जागीं धाप लागूं लागली, तर रात्र असली तरी खालीं उतरावें. इंजिनालाहि विरळ हवेंत दम लागतो, म्हणून चढ चढणाऱ्या गाडीला आधीं वाट द्यावी. वरणभाताचा आग्रह असणारांनीं प्रेशर कुकर बरोबर घ्यावा, कारण सर्चूच्या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या सुमारासच उकळतें.

आठवडाभर लेहला राहिलेल्या शरीराला परततांना सर्चूची रात्र पूर्वीइतकी जाचत नाहीं, आणि तेथें मुक्काम करण्यास दुसरेंहि कारण आहे. बारालाचा-ला खिंडीपलीकडे वितळलेल्या बर्फाचे ओढे रस्त्यावरून वाहतात. ऊन चढूं लागलें कीं ते फुगतात, आणि सकाळीं घोट्याइतकें असलेलें पाणी दुपारीं गाडी अडवूं शकतें. म्हणून सर्चूहून पहांटेंच निघावें.