कोणती वाट धरावी? नेपाळातील चार गिरियात्रा

हिमशिखरे दुरून पाहून हात जोडणारे लोक आपल्या देशात पूर्वापार आहेत. परंतु सामान्य गृहस्थाने, हाती काठी व पाठीवर पिशवी घेऊन, त्या शिखरांच्या पायथ्याशी केवळ पाहण्यासाठी चालत जावे, ही रीत फार जुनी नाही. गुरखा पलटणीतून निवृत्त झालेले कर्नल जिमी रॉबर्ट्स यांनी १९६४ साली काठमांडू येथे अशा पायी प्रवासाची व्यवस्था लावणारी पहिली संस्था काढली, आणि तेव्हापासून नेपाळच्या डोंगरवाटांवर जगभरची पावले उमटू लागली. आज बेळगाव, गोवा, वडोदरा, हैदराबाद अशा ठिकाणच्या आमच्या कुटुंबांतील मुलेमुलीही तिकडे निघू लागली आहेत. भारतीय नागरिकास नेपाळात जाण्यासाठी व्हिसा लागत नाही, त्यामुळे मनात आले की बेत ठरतो.

बेत ठरतो तो बहुधा रात्रीच्या जेवणाच्या वेळी. मुलगा सांगतो, “आम्ही एव्हरेस्टच्या तळाशी जाणार.” आई विचारते, थंडी किती असेल? वडील विचारतात, खर्च किती येईल? दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. परंतु ज्या प्रश्नावर सारे अवलंबून असते तो सहसा कोणाच्याच तोंडी येत नाही. तो प्रश्न असा: दिवस किती? या चारही वाटा निरनिराळ्या वर्षी चालून पाहिल्यावर आमचे मत असे झाले आहे की, वाटेची निवड शिखराच्या कीर्तीवरून करू नये. हाताशी असलेल्या दिवसांवरून करावी.

याचे कारण हवेत आहे. आपण समुद्रकाठची अथवा पठारावरची माणसे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. सह्याद्रीचे घाट आपण कितीही वेळा चढलो तरी तेथील हवा आपल्या ओळखीचीच असते. हिमालयात मात्र जसजसे वर जावे तसतशी हवा विरळ होते, आणि साडेपाच हजार मीटरांवर तिचा दाब समुद्रकाठच्या निम्मा उरतो. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू निम्माच. शरीर या गोष्टीशी जुळवून घेते, परंतु स्वतःच्या गतीने. त्यास घाई केली की डोके दुखू लागते, अन्नावरची वासना उडते, ओकारी येते, झोप लागत नाही. तरीही वरच चढत राहिल्यास फुफ्फुसांत अथवा मेंदूत पाणी साठते, आणि मग माणूस तासांच्या हिशेबाने दगावू शकतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बळकट शरीर या आजारापासून वाचवीत नाही. भाताची पोती सहज उचलणारा, फुटबॉलच्या सामन्यात शेवटपर्यंत धावणारा तरुण येथे आडवा होतो, आणि त्याची सावकाश चालणारी मावशी सुखरूप पोचते. किंबहुना बळकट तरुणालाच धोका अधिक, कारण त्याचे पाय त्याला हवेपेक्षा वेगाने वर नेतात. वैद्यांनी घालून दिलेला नियम सोपा आहे: तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरांहून अधिक उंचीवर झोपू नये, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी मुक्काम करावा. हा नियम हाती धरून आता चार वाटांकडे पाहू.

पहिली वाट एव्हरेस्टच्या तळाची. २९ मे १९५३ रोजी तेनसिंग नोर्गे व एडमंड हिलरी शिखरावर पोचले तेव्हापासून या नावाची मोहिनी जगावर आहे. हिलरींच्याच पुढाकाराने १९६४ साली लुक्ला येथे धावपट्टी बांधण्यात आली. ती आखूड आहे, डोंगराच्या उतारावर आहे, आणि ढग उतरले की विमाने दोन-दोन दिवस येत नाहीत. विमान अर्ध्या तासात प्रवाशाला सुमारे २,८५० मीटरांवर आणून सोडते; तेथून नामचे बाजार ३,४४० मीटर, तेंगबोचेचा मठ ३,८६०, दिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९०० च्या वर, आणि अखेरचा मुक्काम गोरक शेप ५,१०० मीटरांच्याही वर. नामचे व दिंगबोचे येथे प्रत्येकी एक दिवस थांबलेच पाहिजे. जाऊन-येऊन बारा दिवस चालण्याचे, आणि ढगांच्या लहरीसाठी दोन-तीन दिवस राखीव. ज्याच्या रजेच्या अर्जावर एवढे दिवस मावत नाहीत, त्याने या वाटेस लागू नये.

तळाविषयी आणखी एक गोष्ट निघण्यापूर्वीच जाणून घ्यावी. ५,३६४ मीटरांवरील त्या तळावरून एव्हरेस्टचा माथा दिसतच नाही! तेथे दिसतो तो खुंबूचा हिमप्रपात आणि हंगामात गिर्यारोहकांचे पिवळे-निळे तंबू. शिखर पाहायचे तर जवळच्या काला पत्थर नावाच्या सुमारे ५,५५० मीटर उंचीच्या टेकाडावर चढावे लागते. वाटेत थुकला येथील चढ संपला की पर्वतावर प्राण गमावलेल्यांची दगडी स्मारके रांगेने लागतात. तेथे बोलकी मंडळीही काही वेळ गप्प होतात.

दुसरी वाट अन्नपूर्णेच्या तळाची. ८,०९१ मीटर उंचीची ही अन्नपूर्णा आठ हजार मीटरांवरील शिखरांपैकी मानवाने प्रथम जिंकलेली. ३ जून १९५० रोजी मॉरिस हेरझॉग व लुई लाशनाल हे फ्रेंच वीर तिच्या माथ्यावर पोचले, आणि हिमदंशाने त्या विजयाची किंमत त्यांच्या बोटांनी चुकविली. तळाची यात्रा मात्र सौम्य आहे. पोखऱ्याहून निघून गुरुंग लोकांचे घांद्रुक गाव, मग छोमरोंगच्या दगडी पायऱ्या, पुढे मोदी नदीच्या खोऱ्यातून बांबूचे रान, आणि अखेरीस चोहोबाजूंनी हिमशिखरांनी वेढलेले अंगण. त्या अंगणाच्या दाराशी माच्छापुच्छ्रे उभा आहे. त्याचा माथा पवित्र मानला जातो. १९५७ साली आलेली ब्रिटिश तुकडी माथ्यापासून थोड्या अंतरावरून परतली, आणि पुढे त्यावर चढण्याची परवानगीच बंद झाली. तळ ४,१३० मीटरांवर. सात ते दहा दिवसांत यात्रा पुरी होते, आणि वाटेतील बहुतेक रात्री तीन हजार मीटरांच्या खालीच जातात.

परंतु सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. देउरालीपासून तळापर्यंत एका दिवसात नऊशे मीटरांची उडी मारण्याचा मोह अनेकांना होतो. ती टाळून ३,७०० मीटरांवरील माच्छापुच्छ्रेच्या तळाशी एक रात्र काढावी. दुसरे असे की, याच टप्प्यात वरच्या कड्यांवरून हिमस्खलन होते. १७ जानेवारी २०२० रोजी देउरालीच्या आसपास कोरियातील चार शिक्षक व तीन नेपाळी असे सात जण त्यात सापडले. ताजे बर्फ पडले असेल तर खाली थांबावे, आणि वसंतात हा टप्पा उन्हे चढण्यापूर्वी ओलांडावा.

तिसरी वाट अन्नपूर्णेच्या प्रदक्षिणेची. ती थोरोंग खिंडीतून जाते. उंची ५,४१६ मीटर. वर्णनास हीच वाट सर्वांत समृद्ध: खाली भातखाचरे, मध्ये देवदार व पाइनची राने, वर कोरडा तिबेटी मुलूख, आणि पलीकडे हिंदू व बौद्ध दोघांनाही वंद्य असलेले मुक्तिनाथ, जेथे एकशे आठ धारा अखंड वाहतात. पूर्वी या वाटेस तीन आठवडे लागत, आणि त्या तीन आठवड्यांतच शरीर हवेशी जुळत जाई. आता जीप मनांगपर्यंत जाते. रस्त्याने गावकऱ्यांची सोय झाली, ती झालीच पाहिजे होती; परंतु प्रवासी मात्र दोन दिवसांत साडेतीन हजार मीटरांवर जाऊन बसतो आणि आठवडाभराची सवय मागे राहते. जीपने जाणाऱ्याने मनांग येथे निदान दोन दिवस थांबावे. तेथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, तसाच एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचे येथेही आहे. हंगामात तेथील डॉक्टर विरळ हवेविषयी प्रवाशांना समजावून सांगतात. ते ऐकल्यावाचून पुढे जाऊ नये.

तळाची वाट आणि खिंडीची वाट यांत एक मूलभूत भेद आहे. तळास जाणाऱ्याची परतीची वाट नेहमी त्याच्या पाठीशी असते. प्रकृती बिघडली की वळावे आणि उतरावे. खिंड ओलांडणाऱ्याचे सामान, बेत व मन सारे पलीकडे लागलेले असते, म्हणून त्याला मागे फिरणे जड जाते. ऑक्टोबर २०१४ मध्ये बंगालच्या उपसागरात उठलेले हुदहुद वादळ विशाखापट्टणमला धडकून उत्तरेकडे सरकले, आणि दोनच दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, थोरोंगच्या परिसरात कंबरभर बर्फ कोसळले. चाळीसहून अधिक माणसे गेली: प्रवासी, वाटाडे, भारवाहक, गुराखी. खिंडीची वाट प्रथमच जाणाऱ्याने धरू नये, असे आम्ही म्हणतो ते यामुळे.

चौथी वाट लांगटांगची. तिचे नाव थोड्यांनाच ठाऊक असते. काठमांडूहून बसने दिवसभरात स्याब्रुबेसी, तेथून नदीच्या काठाने तीन दिवसांत क्यांजिन गोम्पा, उंची सुमारे ३,८७० मीटर. विमान नाही, म्हणून ढगांची चिंता नाही. १९५० च्या दशकात स्विस मदतीने सुरू झालेला चीज बनविण्याचा कारखाना तेथे आहे. ज्यास आणखी वर जावेसे वाटेल त्याने क्यांजिनला दोन रात्री काढून जवळच्या टेकाडावर चढावे आणि संध्याकाळी खाली येऊन झोपावे. याच खोऱ्यात २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपाने कड्यावरचे बर्फ व दगड खाली लोटले आणि लांगटांग गाव क्षणात गाडले गेले; खोऱ्यात तीनशेच्या आसपास माणसे दगावली. वाचलेल्यांनी जवळच पुन्हा घरे बांधली आणि चुली पेटविल्या. आज तेथे उतरणारा प्रवासी त्यांच्या संसारास प्रत्यक्ष हातभार लावतो.

आता ऋतूविषयी. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे हे या वाटांचे हंगाम. आमच्या कुटुंबांची सुट्टी मात्र बहुधा मे महिन्यात अथवा नाताळात पडते. मे महिन्यात दुपारी ढग दाटतात, दूरची शिखरे धुरकट दिसतात; तरी वाट चालू असते. नाताळात आकाश आरशासारखे स्वच्छ, पण थंडी कडाक्याची, आणि थोरोंग बर्फाने बंद पडण्याची भीती. त्या दिवसांत लांगटांग अथवा अन्नपूर्णेचा तळच बरा, तोही ताजे बर्फ नसेल तर. जून ते सप्टेंबर दरडी आणि जळवा यांचे राज्य.

आणखी एका माणसाचा विचार निवड करतानाच व्हावा. तो म्हणजे आपले ओझे वाहणारा, ज्याला नेपाळात भरिया म्हणतात. तो डोंगरातला म्हणून त्याला विरळ हवा बाधत नाही, ही समजूत खोटी आहे. पुष्कळ भरिया खालच्या खोऱ्यांतून मजुरीसाठी येतात आणि आपल्यासारखेच आजारी पडतात. एखादी यात्रा फारच स्वस्त व फारच थोड्या दिवसांची सांगितली गेली, तर उरलेली किंमत कोणाच्या पाठीवर टाकली आहे, हे विचारावे. त्याच्याकडे गरम कपडे व बूट आहेत काय, त्याचा विमा आहे काय, तो आजारी पडल्यास त्याला एकट्यालाच खाली धाडणार की सोबत कोणी जाईल? ज्या व्यवस्थापकास या प्रश्नांचा राग येतो, त्याच्या हाती आपली मुलेही देऊ नयेत.

सारांश असा. ज्याच्यापाशी आठ-दहा दिवस आहेत आणि जो प्रथमच जात आहे, त्याने लांगटांग अथवा अन्नपूर्णेचा तळ निवडावा. ज्याच्यापाशी प्रवास धरून अडीच आठवडे आहेत, त्याने एव्हरेस्टकडे जावे. थोरोंग त्याने ठेवावी, ज्याने चार हजार मीटरांवर आपले शरीर कसे वागते ते एकदा पाहिले आहे. विमा उतरविताना तो किती उंचीपर्यंत लागू आहे हे वाचावे. आणि निघण्यापूर्वी सर्वांनी एकत्र बसून एक गोष्ट ठरवावी: ज्याचे डोके दुखेल त्याने ते लपवू नये, आणि ज्याला उतरावे लागेल त्याच्यासोबत कोणीतरी उतरेल. सोबत उतरणारा कोण, त्याचे नाव घरीच ठरले पाहिजे. वर गेल्यावर प्रत्येकाला शिखर दिसत असते. मुलाने हे नाव घेतले, आणि दिवसांचा हिशेब पाटावर मांडला, तर आईने लोकरीचे मोजे खुशाल बांधून द्यावेत.